सधन कुटुंबांची मालमत्ता आणि धोके : काय लिहून ठेवावे, काय तपासावे

दर जूनमध्ये शाळेत प्रवेशाचे फॉर्म आमच्या हाताखालून जातात. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'कारखानदार', 'ट्रान्सपोर्ट', 'हॉटेल', 'बिल्डर', 'दुबईत नोकरी' असे लिहिलेले असते. त्यातलेच एखादे मूल दोन-तीन वर्षांनी फी थकली म्हणून आमच्यासमोर उभे राहते. चौकशी केली की कळते, वडिलांचा इंतिकाल झाला. घर आहे, गाडी आहे, कारखानाही आहे. पण बँकेतले खाते थांबले आहे, भागीदार म्हणतो तुमचा हिस्सा एवढाच, चुलते म्हणतात जमीन अजून दादांच्याच नावावर आहे. मुलाच्या अम्मीशी बोललो की बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते, "सर, सगळं ह्यांनाच माहीत होतं."

सधन घर एका दिवसात गरीब होत नाही, ते अडकते. आणि अडकण्याचे कारण बहुतेक वेळा चोरी, आग किंवा मंदी नसते. सगळा व्यवहार एकाच माणसाच्या डोक्यात आणि जबानीवर चाललेला असतो, हे कारण असते. म्हणून हा लेख पैसा कसा वाढवावा याबद्दल नाही. जो आहे तो बायको-मुलांच्या, बहिणींच्या आणि देणेकऱ्यांच्या हातात सुखरूप कसा पोहोचेल, याबद्दल आहे.

आपल्याकडची श्रीमंती कशात असते

मालेगाव-भिवंडीत ती यंत्रमागांत, गोदामांत आणि बाजारातल्या उधारीत असते. कोकणात ती आखाताच्या कमाईतून घेतलेल्या घरांत आणि आंबा-काजूच्या बागांत असते. मुंबई-पुण्यात फ्लॅट आणि दुकानाचे गाळे असतात. सोने सगळीकडे असते. या सगळ्यात रोख रक्कम थोडी असते. दोन कोटींची इस्टेट असलेल्या घरात इस्पितळाचे आठ लाख उभे करताना दागिने गहाण पडतात, हे आपण पाहिलेले आहे.

म्हणून पहिला नियम सोपा आहे. घरखर्च, मुलांची फी आणि कर्जाचे हप्ते मिळून निदान सहा महिने पुरेल एवढी रक्कम धंद्याबाहेर ठेवावी, आणि तिच्यापर्यंत पत्नीचा हात पोहोचला पाहिजे. तिच्या स्वतःच्या नावाचे खाते असावे आणि ते तिला चालवता यावे. नुसती सही करता येणे पुरेसे नाही.

यादी : सर्वात स्वस्त संरक्षण

कुरआनातील सर्वात लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि तिचा विषय मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवणे, त्यावर साक्षीदार घेणे हा आहे. तरीही आपल्यात भावाभावांत कागद मागितला की "भरोसा नाही का?" असे विचारले जाते. भरोसा असतोच. पण भरोसा ठेवणारा आणि ज्याच्यावर ठेवला तो, दोघेही एक दिवस जाणार असतात. मागे राहणाऱ्यांना फक्त कागद बोलताना दिसतो.

एक साधी वही करावी. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात :

- जमीन, घर, गाळा : सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा क्रमांक, खरेदीखताची तारीख, मूळ कागद कुठे आहेत.
- बँक खाती, मुदत ठेवी, लॉकर, डीमॅट, म्युच्युअल फंड, विमा : संस्था, शाखा, नॉमिनी.
- येणे : कुणाकडून किती, कधीपासून, पुरावा काय.
- देणे : बँकेचे कर्ज, हातउसने, मालाची बाकी, पत्नीचा न दिलेला मेहर, राहिलेली जकात.
- अमानत : दुसऱ्याची आपल्याकडे ठेवलेली रक्कम, दागिने, कागद.
- जामीन : कुणाच्या कर्जाला आपली सही आहे.
- माणसे : वकील, सीए, मुनीम, भागीदार यांचे फोन.

पासवर्ड आणि पिन वहीत लिहू नयेत. वही कुठे आहे हे पत्नीला आणि एका सज्ञान मुलाला किंवा मुलीला माहीत असावे.

बँकेत दहा वर्षे कुणी न हाताळलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. वारसांना त्या मागता येतात, पण खाते होते हेच माहीत नसेल तर मागणार कोण? अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे पोर्टल सुरू केले. घरातल्या मरहूम बुजुर्गांच्या नावाने तिथे एकदा जरूर पाहावे.

कागदांच्या प्रती दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी किंवा स्कॅन करून ठेवाव्यात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतल्या मालाबरोबर वह्या आणि फायलीही गेल्या. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून पुन्हा मिळते. नोंदणी न झालेला कागद भिजला की संपला.

इंतिकालानंतरचा क्रम

आपल्या शरियतीत क्रम ठरलेला आहे आणि भारतातले न्यायालयही तोच पाळते. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि उरलेल्या मालमत्तेत वारसांची वाटणी. सूरह निसाच्या ११ आणि १२ क्रमांकाच्या आयतींमध्ये हिस्से सांगितलेले आहेत आणि ते कर्ज व वसीयतीनंतरचे आहेत. लोक घाईत कर्ज विसरतात आणि सरळ वाटणीला बसतात.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका गृहस्थांची एकूण मालमत्ता ३ कोटी आहे. आई-वडील आधीच गेलेले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. तिसरा मुलगा वडिलांच्या हयातीतच वारला, त्याची दोन मुले आहेत. कफन-दफनाचा खर्च मुलांनी आपल्या खिशातून केला. बँक आणि बाजाराचे देणे ५५ लाख, पत्नीचा राहिलेला मेहर ५ लाख. हे ६० लाख गेले की उरतात २ कोटी ४० लाख. यातील एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे ८० लाखांपर्यंत, वसीयत चालते. त्यांनी यतीम नातवंडांसाठी ४० लाखांची वसीयत केली होती, असे धरू. उरले २ कोटी. पत्नीचा आठवा हिस्सा २५ लाख. बाकी १ कोटी ७५ लाखांत मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलाला ५० लाख, प्रत्येक मुलीला २५ लाख.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, मेहर हे कर्ज आहे, बक्षीस नव्हे. तो पत्नीला तिच्या आठव्या हिश्श्याव्यतिरिक्त मिळतो. दोन, वसीयत केली नसती तर त्या यतीम नातवंडांना काहीच मिळाले नसते, कारण मुलगे हयात असताना आधी वारलेल्या मुलाची मुले वारस होत नाहीत. यावर चर्चा करताना लोक कायद्याला दोष देतात. पण शरियतीने दादांच्या हातात एक तृतीयांश दिलेला आहे. तो वापरायचा राहून जातो.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

हा गैरसमज शिकलेल्या घरांतही आहे. मोठ्या मुलाला सगळीकडे नॉमिनी केले जाते आणि तो समजतो की पैसा आपला. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे रक्कम स्वीकारणारा असतो. संस्थेची जबाबदारी तिथे संपते, वारसांचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याबाबत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत हेच सांगितले. हाउसिंग सोसायटीतही नॉमिनी वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो. एक अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर कायदा त्यांना रकमेचे लाभधारक मानतो. अशा वेळी आपला दीनी हिशेब काय म्हणतो, ते घरात आधीच बोलून ठेवावे.

तरीही नॉमिनी नेमावाच. तो नसेल तर रक्कम मोठी असताना वारसांना अनेकदा कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागते आणि त्यात महिने जातात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारीही ठरवता येते. एकट्या थोरल्याचे नाव टाकण्याची सक्ती आता उरलेली नाही.

वसीयत आणि हिबा

वसीयत मृत्यूनंतर लागू होते. तिला दोन मर्यादा आहेत : कर्ज वजा जाता एक तृतीयांश, आणि वारसाला वसीयत करायची तर बाकीच्या वारसांची संमती. "सगळं धाकट्याला" अशी वसीयत बाकीच्यांनी मान्य केली नाही तर टिकत नाही. वसीयतीला नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार, तारीख आणि नोंदणी असेल तर पुढचा अर्धा वाद मिटतो. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहिल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

हिबा हयातीतच होतो. त्याला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. तोंडी हिबा कायद्यात चालतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तो कागदावर लिहिला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही, असेही म्हटले. पण आमचा सल्ला नोंदणीचाच आहे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि इतर आकार वेगळा. एवढ्या पैशांसाठी पुढची वीस वर्षे कोर्टात कोण घालवणार?

हिब्यातले धोकेही सांगितले पाहिजेत. ताबा दिल्यावर मुलाकडून तो परत घेता येत नाही. अब्बांनी सगळे घर मुलांच्या नावे केले आणि नंतर स्वतःच पाहुण्यासारखे राहिले, असे प्रसंग घडतात. सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहिलेली असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्राधिकरणाकडे दाद मागता येते. मरणाच्या आजारपणात केलेला हिबा वसीयतीच्याच मर्यादेत मोजला जातो. आणि एकाच मुलाला देणगी देणाऱ्या बापाला, बाकीच्यांना दिले का, असे विचारून पैगंबर (स.) यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला, ही हदीस आपण खुतब्यात ऐकतो. घरी मात्र विसरतो.

आणखी एक. वर्तमानपत्रात नोटीस देऊन मुलाला 'बेदखल' केल्याने त्याचा वारसा जात नाही. आपल्या कायद्यात वारस बापाच्या नोटिशीने ठरत नाहीत.

बहिणीचा हिस्सा

सधन घरांतला सर्वात मोठा आणि सर्वात कमी बोलला जाणारा धोका हाच आहे. लग्नात खर्च केला, दहेज दिले, आता हिस्सा कसला, असे म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. कधी ईदच्या दिवशी, कधी माहेर तुटेल या भीतीने.

दीनी बाजू स्पष्ट आहे. हिस्सा कुरआनाने ठरवलेला आहे आणि लग्नाचा खर्च त्यातून कापायचा नाही. आता निव्वळ व्यवहार म्हणून पाहू. बाप हयात असताना मुलीने सोडलेला 'पुढे मिळणारा' हिस्सा सर्वसाधारणपणे कायद्यात टिकत नाही, कारण तेव्हा हक्कच जन्मलेला नसतो. वारशानंतरचे स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदवलेले लागते, आणि दबावाखाली घेतले असेल तर त्याला आव्हान देता येते. बहीण गप्प राहिली तरी तिची मुले पुढे हक्क मागू शकतात. मग जमिनीचा सौदा ठरतो, इसार घेतला जातो आणि वकिलाच्या टायटल शोधात आत्याचे नाव निघते. सौदा तिथेच बसतो.

वडिलांच्या इंतिकालानंतर तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, वारसनोंदीसाठी कळवायचे असते. त्या अर्जात बहिणींची आणि आईची नावे पहिल्याच दिवशी घालावीत. २०२५ मध्ये राज्य शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, ती मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्यासाठीच. ज्यांच्या घरी अजून दादा-परदादांचा सातबारा आहे त्यांनी आता तरी चौकशी करावी. एक पिढी थांबले की वारस दहाचे चाळीस होतात, आणि त्यातले पाच परदेशात असतात.

मुले लहान असतील तर

हा मुद्दा तरुण वडिलांसाठी आहे. आपल्या व्यक्तिगत कायद्यात आई लहान मुलांना सांभाळते, पण त्यांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक ती आपोआप होत नाही. बापानंतर बापाने वसीयतीने नेमलेला वसी, नंतर दादा, नंतर दादांनी नेमलेला वसी असा क्रम आहे. यांपैकी कुणी नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात जावे लागते. तोपर्यंत आईने मुलांच्या हिश्श्याची जमीन विकली तर तो व्यवहार टिकत नाही.

उपाय एका पानाचा आहे. वडिलांनी वसीयतीत पत्नीलाच वसी नेमता येते. चाळिशीच्या आत कोण वसीयत करतो, असे आम्हाला विचारले जाते. ज्याची मुले प्राथमिक शाळेत आहेत त्यानेच आधी करावी.

धंदा आणि घर यांच्यामध्ये भिंत

भागीदारी नोंदलेली नसेल तर संस्थेला किंवा भागीदाराला करारावरून कोर्टात दावा लावण्यात मोठी अडचण येते. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार संस्थेच्या सगळ्या देण्याला स्वतःच्या मालमत्तेनिशी बांधलेला असतो. करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था संपते. म्हणून करारात तीन कलमे असावीत : मृत्यूनंतर हिशेब कसा होईल, वारसांना किती दिवसांत पैसे मिळतील, आणि मालमत्तेची किंमत कोण ठरवेल. धंदा मोठा असेल तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीबद्दल, म्हणजे एलएलपीबद्दल, सीएला विचारावे.

जामीनदाराची सही ही सौजन्याची सही नसते. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडे जाईल, मग आपल्याकडे, असे काही नाही. मशिदीच्या पायरीवर "फक्त एक सही दे" म्हणणाऱ्याला नकार देणे जड जाते, हे खरे. पण ती सही आपल्या मुलांच्या घरावर होत असते. शक्य असेल तर त्याला मदत म्हणून रोख द्यावी, झेपेल तेवढीच, आणि ती लिहून घ्यावी.

विमा : गैरसमज आणि गरज

विम्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत आणि तकाफुलची व्यवस्था आपल्या देशात अजून नाही. कोणता विमा घ्यावा हे आपापल्या मुफ्तींना विचारून ठरवावे. वाहनाचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, तिथे निवड नाही. ज्यांनी कारखान्याचा किंवा गोदामाचा विमा काढलाच आहे त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पुराचे आणि दंगलीचे नुकसान पॉलिसीत धरले आहे का? आणि विम्याची रक्कम मालाच्या खऱ्या किमतीएवढी आहे का? एक कोटीच्या मालाचा पन्नास लाखांचा विमा असेल आणि वीस लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी सरासरीच्या कलमाप्रमाणे दहा लाखच देऊ शकते. हप्ता वाचवायला रक्कम कमी दाखवणारे इथे फसतात.

ठेवी आणि 'हलाल नफा'

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. रक्कम मोठी असेल तर एका बँकेत ठेवू नये.

व्याज नको म्हणणारा माणूस फसवणाऱ्यांना सोपे सावज वाटतो. जून २०१९ मध्ये बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायजरी, लोकांच्या तोंडी 'आयएमए', कोसळली. हलाल नफ्याच्या नावाने हजारो लोकांनी तिच्यात पैसे गुंतवले होते. बहुतेक आपल्याच समाजातले होते. दर महिन्याला ठरावीक नफा देणारी मुदारबा, हाच मुळात विरोधाभास आहे, कारण मुदारबात नफा कमी-जास्त होतो आणि तोटाही होतो. पैसे देण्यापूर्वी विचारावे : सेबी किंवा रिझर्व्ह बँकेची नोंदणी कुठली, धंदा नेमका काय, लेखापरीक्षण कोण करते, तोटा झाला तर काय. मौलाना साहेबांचा फोटो हे यांपैकी एकाचेही उत्तर नाही. २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे, आणि राज्यात ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा १९९९ पासून आहे. फसलात तर लाजेने गप्प बसू नका.

परदेशातली कमाई, भावाच्या नावाची जमीन

कोकणातली जुनी गोष्ट. आखातातून पैसे यायचे, गावचा भाऊ जमीन घ्यायचा आणि सोयीसाठी स्वतःच्या नावावर करायचा. २०१६ मध्ये कडक झालेल्या बेनामी व्यवहार कायद्याने ही सोय धोक्याची झाली आहे. पत्नी किंवा मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. भावा-बहिणीच्या बाबतीत दस्तात दोघांची नावे संयुक्त मालक म्हणून असावी लागतात. नाहीतर मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि पैसे आपले होते म्हणून भावावर दावाही लावता येत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकतही घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते आणि निव्वळ मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिकडच्या खात्यांची आणि नोकरीच्या थकबाकीची माहिती इकडच्या वहीत हवीच.

घरातल्या माणसांचे धोके

शाळेच्या गेटवर आम्ही रोज पाहतो : नववी-दहावीची मुले बुलेट घेऊन येतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. आणि हे झाले कायद्याचे. समोरच्याचा जीव गेला तर त्याची भरपाई कोणत्या इस्टेटीतून करणार?

फोनवरून पोलीस किंवा सीबीआय असल्याचे सांगून 'डिजिटल अरेस्ट' करणारे भामटे पैसेवाल्या आणि एकट्या बुजुर्गांना गाठतात. असा कोणताही कायदा भारतात नाही. फोन ठेवावा, घरच्यांना सांगावे. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. लग्नातल्या दागिन्यांचे आणि नव्या गाड्यांचे स्टेटस लावण्यापूर्वी, ते कोण कोण पाहणार याचाही विचार करावा.

जकातीच्या दिवशीच हे काम करावे

एवढे सगळे कधी करायचे? आपल्याकडे त्यासाठी दिवस आधीच ठरलेला आहे. जकातीचा हिशेब करताना आपण सोने, रोख, धंद्याचा माल, येणे, देणे सगळे मांडतोच आणि अडीच टक्के काढतो. तोच कागद त्या दिवशी फाडू नये. त्यात जमीन, घर, विमा, नॉमिनी, जामीन आणि अमानती जोडाव्यात. वसीयत जुनी झाली का ते पाहावे. पत्नीला आणि मोठ्या मुला-मुलींना सोबत बसवावे. मुलीलाही. दरवर्षी एक संध्याकाळ पुरते.

प्रत्येक घराची गोष्ट वेगळी असते, फिकहचे मसलेही पंथाप्रमाणे बदलतात. म्हणून दस्त करण्यापूर्वी वकिलाला आणि हिश्श्यांसाठी जाणकार मुफ्तींना जरूर विचारावे. पण विचारण्यासाठीसुद्धा आधी हातात यादी लागते. ती आज रात्री सुरू करता येईल. मुलाच्या शाळेची जुनी वही असेल घरात, तिची मागची पाने कोरी असतातच.